बॅकअप झाला, सूनबाई राहिल्या

मराठी माणूस दोन गोष्टींबद्दल छातीठोकपणे बोलतो: आपल्या गावचं पाणी आणि आपल्या ऑफिसातला बॅकअप. दोन्ही त्याने कधी तपासून पाहिलेलं नसतं.

"बॅकअप घेता ना?" असं कुठल्याही सीएच्या ऑफिसात, छापखान्यात, पतसंस्थेत विचारून बघा. "म्हणजे काय! रोज रात्री नऊला. ऑटोमॅटिक." हे 'ऑटोमॅटिक' म्हणताना माणूस खुर्चीत जरा मागे रेलतो. समोर यूपीएसच्या शेजारी, एका जाडजूड बॉक्स फाईलवर, काळी हार्ड डिस्क पडलेली असते. निळा दिवा लुकलुकत असतो, दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल वाळून तिच्या पाठीला चिकटलेलं असतं आणि स्केचपेनने 'हात लावू नये' असं लिहिलेलं असतं. ऑफिसातल्या इतर कुठल्याही सूचनेला कोणी विचारत नाही, पण ही सगळे पाळतात. त्यामुळे आत काय आहे हे कोणालाही माहीत नसतं.

माझं जिथे येणं-जाणं असतं त्या एका ऑफिसात बॅकअपचं खातं अण्णांकडे आहे. का, तर ऑफिसची चावी त्यांच्याकडे असते. अण्णांचा कारभार चोख. पूर्वी ते रोज संध्याकाळी अख्खा डेटा डिस्कवर ओढून ठेवायचे, म्हणजे माऊसने उचलायचे आणि 'अजून ३ तास ४७ मिनिटं' या पाटीसमोर डबा उघडून बसायचे. जुन्या यूएसबी २ च्या डिस्कवर ५०० जीबी उतरवायचे तर चार-साडेचार तास लागतातच, आणि बारक्या फायली फार असल्या तर त्याहून जास्त. शेवटी त्यांच्या घरून तक्रार आली आणि ऑफिसने कॉम्प्युटरवाल्या मुलाला बोलावलं.

मुलगा हुशार. म्हणाला, "अण्णा, रोज सगळं कशाला उचलता? एकदा पूर्ण घेऊ, मग रोज फक्त बदललेलं तेवढंच घ्यायचं. इन्क्रिमेंटल म्हणतात त्याला. पाच मिनिटांत आटोपतं."

अण्णांना ही काटकसर मनापासून पटली. तरी चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, त्यांनी एक शंका काढलीच. "अरे, पण काय बदललंय हे त्याला कसं कळणार?"

"ते कळतं, अण्णा."

सगळं पाणी मुरलंय ते या 'ते कळतं'मध्ये.

कॉम्प्युटरला काय कळतं आणि काय कळत नाही हे नीट समजून घ्यायचं असेल तर लग्नाच्या आमंत्रणांची यादी आठवा. घरात लग्न ठरलं की कोणी शून्यापासून यादी करत नाही. कपाटाच्या वरच्या खणातून मागच्या लग्नाची वही निघते. थोरलीच्या लग्नाला पत्रिका कोणाकोणाला गेल्या ते तिच्यात शिस्तीत लिहिलेलं असतं. आता फक्त वाढ करायची. ही झाली इन्क्रिमेंटल यादी. समजा, वाढ करायचं काम एखाद्या आत्यांकडे दिलं. आत्या शिस्तीच्या, पण त्यांचा प्रश्न एकच: "मागच्या लग्नानंतर जन्मलेलं कोण कोण आहे?" भराभर नावं येतात. पुण्याची चिंगी, ठाण्याचा बंटी, अमेरिकेतली जुळी. सगळी पोरंटोरं यादीत. आत्या वही मिटतात. नगरच्या काकांकडे दोन वर्षांपूर्वी सून आली, तिचं नाव मात्र कुठेच नाही. कारण सूनबाई घरात नवीन असल्या तरी त्यांचा जन्म १९९५ चा. मागच्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. आत्यांच्या नियमाने त्या जुन्या. आणि जुन्या म्हणजे यादीत असणारच.

पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही. काका लग्नाला येतात, जेवत नाहीत.

रात्री नऊचा बॅकअप हा या आत्यांचा सख्खा भाऊ. तो प्रत्येक फाईलीला विचारतो, "तू शेवटची बदललीस कधी?" काल रात्रीनंतर, असं उत्तर आलं तर उचलतो. त्याआधी, असं आलं तर पुढे जातो. "तू या घरात आलीस कधी?" हा प्रश्न त्याला कोणी शिकवलेलाच नसतो.

त्या मुलाने केलं होतं ते इतकंच. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची एक आज्ञा आहे. नाव सिनेमातल्यासारखं, काम हमालाचं. तिला त्याने 'मॅक्सएज १' अशी सूचना दिली. म्हणजे एका दिवसापेक्षा जुनी फाईल दिसली की सोडून द्यायची. ही आज्ञा एका छोट्या फाईलीत लिहून त्याने रात्री नऊच्या वेळापत्रकाला टांगली आणि चहा घेऊन तो गेला. ऑफिसात बसून टाइप केलेल्या फायलींसाठी ही व्यवस्था झकास चालते, कारण आज टाइप केलं म्हणजे तारीख आजची. म्हणूनच तर अशी चूक लक्षात येत नाही. रोजची पत्रं, रोजची बिलं, सगळं डिस्कवर हजर. पण आपल्याकडच्या ऑफिसांत निम्म्या फायली जन्माला येतात कुठे? त्या बाहेरून येतात. पेन ड्राइव्हवरून येतात, कॅमेऱ्याच्या कार्डावरून येतात, झिपमधून उलगडतात. आणि येताना आपली जुनी तारीख सोबत घेऊन येतात.

खोटं वाटत असेल तर बघाच. पेन ड्राइव्हवरून एखादी जुनी फाईल आपल्या कॉम्प्युटरवर कॉपी करा, तिच्यावर उजवं बटण दाबा आणि प्रॉपर्टीज उघडा. तिथे तारखा एकाखाली एक असतात. 'क्रिएटेड' समोर आजची. 'मॉडिफाइड' समोर, समजा, २०११ ची. म्हणजे फाईल आज जन्मली आणि तिच्यात शेवटचा बदल झाला चौदा-पंधरा वर्षांपूर्वी. जन्माआधी सुधारलेली अशी व्यक्ती आपल्या पुराणांतही विरळा. खुलासा साधा आहे: कॉपी करताना विंडोज नव्या प्रतीला जन्मतारीख नवी देते, पण बदलाची तारीख मूळ फाईलीची ठेवते, कारण मजकूर तेव्हापासून बदललेला नाही. विंडोजच्या बाजूने हे रास्तच आहे. चूक विचारणाऱ्याची आहे, त्याने भलतीच तारीख विचारली.

तारखांच्या या राज्यात आणखीही चमत्कार आहेत. विंडोजवर एखादी फाईल खोडून १५ सेकंदांच्या आत त्याच नावाची दुसरी त्याच जागी केली, तर नव्या फाईलीला जुनीची जन्मतारीख मिळते. पुनर्जन्माची इतकी नेमकी मुदत कुठल्याच धर्मग्रंथाने दिलेली नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण पुष्कळ प्रोग्राम सेव्ह करताना आधी तात्पुरती फाईल लिहितात आणि मग तिला जुनीच्या जागी बसवतात. जुन्या पेन ड्राइव्हची फॅट ही पद्धत घड्याळ दोन-दोन सेकंदांनी वाचते आणि १९८० च्या आधी जग होतं हे मानायलाच तयार नसते. लिनक्सवर तारीख हरवलेली फाईल आपल्या वेळेनुसार '१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०' अशी दिसते. एवढ्या पहाटे कामाला लागणारं त्या ऑफिसात दुसरं कोणी नाही. अशा साक्षीदारांच्या जबानीवर आपण रोज रात्री निवाडा करतो.

डॉसच्या जमान्यात तारखेवर एवढी भिस्त नव्हती. प्रत्येक फाईलीच्या नोंदीत एक बारीकशी खूण असायची, आर्काइव्ह बिट. ती अजूनही आहे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' दाबलं की 'फाईल इज रेडी फॉर आर्काइव्हिंग' असा चौकोन दिसतो, आणि बहुतेकांनी तो जन्मात पाहिलेला नसतो. फाईल नवी आली किंवा बदलली की खूण लागते. बॅकअप घेणारा येतो, खूण असलेली फाईल उचलतो, खूण पुसतो. तारखेचा प्रश्नच नाही. पेन ड्राइव्हवरून कॉपी झालेली सूनबाई इथे बिनबोभाट यादीत येते, मग वय काहीही असो. एक्सकॉपी या आज्ञेला 'एम' सांगितलं की ती हेच करते, आणि 'ए' सांगितलं की उचलते पण खूण तशीच ठेवते. जुनी माणसं साधी होती पण खुळी नव्हती.

मग बिघडतं कुठे? खूण एक आणि पुसणारे दोन झाले की. समजा, ऑफिसात अण्णांचा नऊचा बॅकअप या खुणेवर चालतो. पण साहेबांच्या भाच्याने कधीतरी दुसरं एक सॉफ्टवेअर बसवून दिलेलं असतं, ते आठला चालतं आणि साहेबांच्या खोलीतल्या डिस्कवर उतरतं. तेही खूण बघतं आणि पुसतं. नऊला अण्णांचा बॅकअप येतो तो कुठेच खूण नाही. 'काही बदललेलं नाही' असं समाधानाने नोंदवून निघून जातो. अण्णांच्या डिस्कवर रोज शून्य उतरतं. साहेबांची डिस्क तोवर त्यांच्या मुलाने घरी नेऊन तिच्यावर सिनेमे भरलेले असतात.

शिवाय आख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की आतल्या फायलींना याचा पत्ताच लागत नाही. तारीखही तीच, खूणही तीच. घर बदललं, पण झोपेत.

आता नवं काही बाहेर राहण्याचा दुसरा प्रकार. माझ्या मते हा पहिल्यापेक्षा घातक आहे, कारण यात कॉम्प्युटरचा काही दोष नसतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना एक झाड दाखवतं. फोल्डरांच्या समोर छोटे चौकोन असतात आणि आपण टिचक्या मारायच्या असतात. आपला माणूस इथे विलक्षण चोखंदळ होतो. 'हे हवं. हे नको, यात गाणी आहेत. हे हवं. हे कशाला, हे साहेबांचं खासगी.' मुख्य फोल्डरावर सरळ एक टिचकी मारायची सोडून आत जाऊन एकेक पोटफोल्डर निवडतो. त्या दिवसापुरती यादी अचूक होते. पण ती त्या दिवसाची यादी असते. उद्या शेजारी नवं फोल्डर आलं तर बऱ्याच सॉफ्टवेअरांत त्याच्यापुढचा चौकोन रिकामाच राहतो. निवडलंच नव्हतं, मग घ्यायचं कसं?

आणि आपल्याकडे नवं फोल्डर नेमकं कधी येतं? १ एप्रिलला. सगळा महाराष्ट्र त्या दिवशी '२०२५-२६' अशा नावाचं कोरं फोल्डर उघडतो आणि कामाला लागतो. बॅकअपच्या यादीत मात्र टिचकी आहे ती '२०२४-२५' वर. तो बिचारा रात्री नऊला उठतो, गेल्या वर्षीच्या फोल्डरात जातो, आता कोणी हात लावत नाही अशा फायली डोळ्यांत तेल घालून तपासतो, काहीही बदललेलं नाही याची खात्री करतो आणि झोपतो. टॅलीत तर कंपनीचा डेटा नावाच्या नव्हे, आकड्याच्या फोल्डरात असतो. नवी कंपनी उघडली की नवा आकडा. जुन्या आकड्यावर टिचकी मारलेल्या माणसाला नवा आकडा आला हे सांगणार कोण? जगात ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल, म्हणून त्याच्या आदल्या दिवशी सावध व्हा, असा त्यामागचा विनोद. ज्या कोणी हा दिवस ठरवला त्याने भारतातल्या एकाही हिशेबनिसाला विचारलं नव्हतं हे उघड आहे. ३१ मार्चला आपल्याकडे माणूस जेवायलाही उठत नाही, तो बॅकअप कधी साजरा करणार?

यावर कोणी म्हणेल, रोजचा अहवाल येतो की. येतो ना. रोबोकॉपीचा अहवाल तर बघण्यासारखा असतो. शेवटी एक तक्ता: एकूण किती, कॉपी किती, सोडल्या किती, आणि एका रकान्यावर मोठ्या अक्षरांत 'फेल्ड'. त्याखाली शून्य. अण्णा रोज सकाळी तो शून्य बघतात आणि वहीत 'बॅकअप ठीक' असं लिहून सही करतात. सोडलेल्या फायलींच्या रकान्यात चाळीस हजारांचा आकडा असतो, पण तिकडे कशाला बघायचं? न बदललेल्या असतील म्हणून सोडल्या. त्या चाळीस हजारांत नगरच्या सूनबाई कुठेतरी उभ्या आहेत, हे तो तक्ता सांगत नाही. न बोलावलेलं माणूस आलं नाही, याला कॉम्प्युटर अपयश म्हणत नाही.

हे फक्त आपल्या पेठांमधलं रडगाणं आहे असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, आणि पाचांतली एकही धड चालत नव्हती हे त्या रात्री कळलं. एक बॅकअप जिथे साठायला हवा होता ती जागा रिकामी निघाली. तो फसतोय असं सांगणारे ई-मेल निघत होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी त्याच कर्मचाऱ्याने सहा तास आधी सहज म्हणून घेतलेली एक प्रत कामी आली. कंपनीने हे सगळं स्वतःहून जगजाहीर केलं, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. आपल्याकडे पंचनामा झाला असता आणि शिपायाची बदली. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' हा आख्खा सिनेमा असाच एका आज्ञेने उडू लागला, बॅकअप बघितला तर तो चालतच नव्हता. वाचवलं कोणी, तर नुकतंच बाळ झालं म्हणून घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन या बाईंनी. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. घरात बसलेली माणसंच शेवटी उपयोगी पडतात, हे एकदा तरी सप्रमाण सिद्ध झालं.

मग करायचं काय? आत्यांचा प्रश्न बदलायचा. जन्म कधीचा, हे विचारणं सोडायचं आणि दोन याद्या शेजारी ठेवायच्या: घरातली माणसं एकीकडे, वहीतली नावं दुसरीकडे. घरात आहे पण वहीत नाही, तो नवा. वय विचारायचं कारणच नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये आरसिंक नावाचा प्रोग्राम केला, तो मुळात हेच करतो. तिकडे ही फाईल आहे का, नसली तर पाठव. असली तर आकार आणि तारीख जुळते का ते बघ, नाही जुळली तर पाठव. गंमत म्हणजे रोबोकॉपीलाही हे उत्तम येतं. 'मॅक्सएज'ची ती चिमूट काढून टाकली की ती आपणहून दोन्ही बाजू ताडून बघते, आणि इकडे आहे पण तिकडे नाही अशा फाईलीला तिच्या शब्दकोशात 'लोन्ली' म्हणतात. इतकी कणव त्या हमालाच्या ठायी असताना आपण त्याला वय विचारायला लावलं.

ताडून बघण्यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पण नुसती याद्यांची तुलना असते, डेटा वाहायचा नसतो. त्यामुळे अण्णांचे साडेचार तास परत येत नाहीत. आणि विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत कोणती फाईल आली, गेली, हलली याची एक रोजकीर्द आतल्या आत ठेवता येते. चांगली सॉफ्टवेअरं तीच वाचतात, तारखेच्या नादी लागत नाहीत. आपलं सॉफ्टवेअर यातलं काय करतं हे विकणाऱ्याला विचारा. तो 'ते कळतं' म्हणाला, तर दुसरा विक्रेता बघा.

टिचक्यांच्या बाबतीत उपाय त्याहून सोपा. काय घ्यायचं याची यादी करू नका, काय नको याची करा. सगळ्यात वरच्या फोल्डरावर एक टिचकी, आणि मग त्यातली गाणी वगळा, साहेबांचं खासगी वगळा. म्हणजे उद्या येणारं प्रत्येक नवं फोल्डर आपोआप आत येतं. काहीतरी नकोसं आत आलं तर डिस्क थोडी भरेल. हवं ते बाहेर राहिलं तर जे होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि एक विनंती. आज संध्याकाळी ऑफिसातून निघताना कामाच्या फोल्डरात एक नवं फोल्डर करा. पेन ड्राइव्हवरून एखादा दहा वर्षांपूर्वीचा फोटो त्यात कॉपी करा. उद्या सकाळी, 'हात लावू नये' हे वाचूनसुद्धा, ती काळी डिस्क उघडा आणि तो फोटो शोधा. अहवाल बघू नका, फोटो शोधा. सापडला तर अण्णांना चहा पाजा. नाही सापडला तर कॉम्प्युटरवाल्याला लगेच फोन लावा. फक्त तो ३१ मार्चला लावू नका. त्या दिवशी तो उचलत नाही.